गरोदरपणातली क्रोमोसोम स्क्रीनिंगची रक्ततपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिपोर्ट हातात पडला की नजर आधी एकाच शब्दावर जाते: ‘लो’ की ‘हाय’. त्या शब्दामागचा हिशेब मात्र बहुतेकींना कुणी नीट समजावलेला नसतो. मग रात्री दोन वाजता मोबाईलवर शोधाशोध सुरू होते आणि जे वाचायला मिळतं त्याने झोप आणखी उडते. समुपदेशन करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, ते इथे साधारण त्याच क्रमाने घेतले आहेत.

ही तपासणी नेमकी कशाची?

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं, म्हणजे क्रोमोसोम, २३ जोड्यांमध्ये असतात. स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना या जोड्यांची वाटणी होते. त्या वाटणीत कधी कधी चूक होते आणि एकीकडे एक गुणसूत्र जास्तीचं जातं. २१ क्रमांकाचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन झालं की डाऊन सिंड्रोम, १८ क्रमांकाचं तीन झालं की एडवर्ड्स सिंड्रोम आणि १३ क्रमांकाचं तीन झालं की पटाऊ सिंड्रोम. डाऊन सिंड्रोमचं वर्णन जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्येच केलं होतं. पण त्याच्या मुळाशी एक जास्तीचं गुणसूत्र आहे हे कळायला १९५९ उजाडलं. लेज्यून, गोतिए आणि त्युर्पें या फ्रेंच संशोधकांनी ते दाखवलं.

तिन्ही एकाच तराजूत तोलू नका. डाऊन सिंड्रोम असलेली मुलं शिकतात, खेळतात, मोठी होतात. साधारण निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो, पण चांगली वैद्यकीय सोय असेल तिथे अनेक जण साठीपर्यंत पोहोचतात. एडवर्ड्स आणि पटाऊ यांचं तसं नाही. त्यात गर्भ पोटातच दगावण्याचं प्रमाण मोठं असतं आणि जन्मलेल्यांपैकी बहुतेक बाळं पहिला वाढदिवसही पाहत नाहीत.

डबल मार्कर, क्वाड्रपल आणि एनआयपीटी यांत फरक काय?

पहिल्या दोन तपासण्या आईच्या रक्तातली रसायनं मोजतात, तिसरी डीएनएचे तुकडे मोजते. खरा फरक इतकाच आहे, बाकीचे सगळे त्यातूनच निघतात.

डबल मार्कर साधारण ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान करतात. त्यात पॅप-ए हे प्रथिन आणि फ्री बीटा एचसीजी हे संप्रेरक मोजतात. डाऊन सिंड्रोममध्ये पहिलं कमी आणि दुसरं जास्त असण्याकडे कल असतो. एडवर्ड्समध्ये दोन्ही कमी. याच सुमारास सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या थराची जाडी, म्हणजे एनटी, मोजतात. रक्त, एनटी आणि आईचं वय यांची सांगड घातली की डाऊन सिंड्रोमच्या १०० पैकी ८५ ते ९० गर्भधारणा हाती लागतात. त्याच वेळी बाळ ठीक असलेल्या १०० पैकी सुमारे ५ जणींनाही ‘हाय रिस्क’ ऐकावं लागतं.

क्वाड्रपल १५ आठवड्यांनंतर, पहिली वेळ हुकली तर. त्यात चार घटक असतात. ती डबल मार्कर आणि एनटीच्या जोडीपेक्षा थोडी कमी पडते.

एनआयपीटी १० आठवडे पूर्ण झाल्यावर कधीही करता येते. डाऊन सिंड्रोमच्या १०० पैकी ९९ च्या आसपास गर्भधारणा ती पकडते आणि विनाकारण घाबरवते ती हजारात साधारण एकीला.

बाळाला हातही न लावता बाळाबद्दल कळतं कसं?

वारेच्या पेशी सतत झडत असतात आणि त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे आईच्या रक्तात मिसळतात. १९९७ मध्ये डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईच्या रक्तात हे तुकडे सापडतात हे दाखवलं, आणि २०११ पासून त्यावर आधारलेली तपासणी गरोदर स्त्रियांसाठी उपलब्ध झाली.

यातली मोजणी मला स्वतःला फार सुंदर वाटते, म्हणून जरा थांबून सांगते. आईच्या रक्तात तरंगणाऱ्या डीएनएपैकी समजा १० टक्के वारेकडून आलेला आहे आणि बाकी ९० टक्के आईचा स्वतःचा. यंत्र कोणता तुकडा कुणाचा हे पाहत बसत नाही. लाखो तुकडे वाचतं आणि कोणत्या गुणसूत्राचे किती, एवढंच मोजतं. बाळाची २१ क्रमांकाची गुणसूत्रं दोनच असतील आणि त्या गुणसूत्राचे १०० तुकडे अपेक्षित असतील, तर १०० च मिळतील. तीन असतील, तर १०५ मिळतील. सगळा निकाल या वरच्या पाचावर उभा आहे. वारेचा वाटा १० ऐवजी ४ टक्के असेल तर १०५ चे १०२ होतात, आणि १०० व १०२ यांत भेद करणं किती नाजूक काम आहे हे लक्षात येईल. म्हणून बहुतेक प्रयोगशाळा वारेच्या डीएनएचा हा वाटा, ज्याला रिपोर्टमध्ये ‘फीटल फ्रॅक्शन’ म्हणतात, फार कमी असेल तर निकालच देत नाहीत.

आणखी एक गोष्ट. नाव ‘फीटल’ असलं तरी डीएनए वारेचा असतो, बाळाचा नव्हे. वार आणि बाळ एकाच फलित बीजापासून बनतात, त्यामुळे बहुधा दोघांची गुणसूत्रं सारखीच असतात. पण बहुधा म्हणजे नेहमी नव्हे. कधी कधी जास्तीचं गुणसूत्र फक्त वारेच्या काही पेशींत असतं आणि बाळ अगदी ठीक असतं.

‘९९ टक्के अचूक’ म्हणतात. मग माझा हाय रिस्क ९९ टक्के खराच ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो, आणि जाहिरातीची भाषा त्याला खतपाणी घालते.

एक लाख गरोदर स्त्रिया घ्या, सगळ्या तरुण, ज्यांच्यात डाऊन सिंड्रोमचं प्रमाण हजारात एक आहे. म्हणजे १०० जणींच्या बाळांना ते आहे, ९९,९०० जणींच्या बाळांना नाही. तपासणी १०० पैकी ९९ पकडते. उरलेल्या ९९,९०० पैकी हजारात एक या हिशेबाने साधारण १०० जणींना ती चुकून हाय रिस्क ठरवते. आता हाय रिस्कचे रिपोर्ट झाले १९९, आणि त्यांतले खरे ९९. म्हणजे निम्मेच.

हाच हिशेब चाळिशीच्या आसपासच्या स्त्रियांसाठी करा, जिथे प्रमाण शंभरात एक आहे. तिथे खरे हाय रिस्क ९९० आणि खोटे ९९, म्हणजे दहात नऊ खरे. तपासणी तीच, रक्ताची नळी तीच, तरी रिपोर्टचा अर्थ वेगळा. एडवर्ड्स आणि पटाऊ मुळात आणखी विरळ असल्यामुळे त्यांच्या हाय रिस्कमध्ये खोट्यांचा वाटा अजून मोठा असतो.

उलट लो रिस्कवर मात्र बराच भरवसा ठेवता येतो, कारण हजारो लो रिस्क रिपोर्टांत एखादाच चुकतो. म्हणून ही चाळणी आहे, निदान नाही, असं आम्ही कंटाळा येईपर्यंत सांगत असतो. चाळणीत वर राहिलेला प्रत्येक दाणा खडा नसतो, तो हातात घेऊन पाहावा लागतो.

डबल मार्करमध्ये १:१८० आलंय. याचा अर्थ काय लावायचा?

तुमच्यासारखाच रिपोर्ट असलेल्या १८० स्त्रिया एका रांगेत उभ्या केल्या तर त्यांतल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल आणि १७९ जणींच्या बाळांना नसेल. टक्क्यांत सांगायचं तर अर्धा टक्का. तरी रिपोर्टवर लाल अक्षरांत ‘हाय रिस्क’ छापून येतं, कारण प्रयोगशाळेने कुठेतरी रेघ मारलेली असते, बऱ्याचदा १:२५० वर. रेघेच्या अलीकडची १:२४० आणि पलीकडची १:२६० यांच्यात निसर्गाच्या दृष्टीने काही फरक नाही. फरक आहे तो पुढची तपासणी सुचवायची की नाही एवढाच. रंगाकडे पाहू नका, आकडा पाहा.

रिपोर्टमधलं ‘एमओएम’ काय असतं?

तेवढ्याच दिवसांच्या इतर गरोदर स्त्रियांमधलं मधलं मूल्य १ धरायचं आणि तुमचं मूल्य त्याच्या किती पट आहे ते सांगायचं. ०.५ म्हणजे निम्मं, २ म्हणजे दुप्पट.

या आकड्याचा जीव मात्र तुम्ही भरलेल्या फॉर्मवर असतो. आईचं वजन जास्त असेल तर ही रसायनं रक्तात पातळ होतात, म्हणून वजनाचा हिशेब धरून दुरुस्ती करतात. मधुमेह, धूम्रपान, जुळी, आयव्हीएफ यांचीही दुरुस्ती असते. आणि सगळ्यात महत्त्वाचे ते दिवस. समजा पाळीच्या तारखेवरून १७ आठवडे लिहिले आणि प्रत्यक्षात १५ च झालेत. या काळात एएफपी, म्हणजे क्वाड्रपलमध्ये मोजलं जाणारं बाळाकडून आलेलं एक प्रथिन, वाढत जातं आणि एचसीजी उतरत जातं. १५ आठवड्यांचं रक्त १७ च्या मापाने मोजलं की एएफपी कमी आणि एचसीजी जास्त दिसतं, आणि नेमकं हेच चित्र डाऊन सिंड्रोमचंही असतं. बाळ ठणठणीत, चूक कॅलेंडरची. बाहेरच्या बाकावर बसून घाईघाईत, वजन अंदाजाने टाकून फॉर्म भरला जातो तेव्हा मला म्हणूनच धडकी भरते. हाय रिस्क आला तर पहिल्यांदा फॉर्म आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट शेजारी ठेवून तारखा जुळतात का ते बघा.

उपाशीपोटी जावं लागतं का?

नाही. जेवून जा, पाणी पिऊन जा. एनआयपीटीसाठी दंडातून साधारण १० मिलिलिटर रक्त खास नळीत घेतात.

मी २६ वर्षांची आहे. हे सगळं पस्तिशीनंतरच्यांसाठी ना?

वयाबरोबर शक्यता वाढते हे खरं. विशीत साधारण दीड हजारात एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक. पण मुलं होतात ती जास्त करून तरुण स्त्रियांना, त्यामुळे डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांच्या आयांमध्ये पस्तिशीच्या आतल्यांची संख्याही बरीच मोठी असते. वय ही फार ढोबळ चाळणी आहे. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० मध्ये वय न पाहता सर्वच गरोदर स्त्रियांना स्क्रीनिंगचा पर्याय द्यावा अशी भूमिका घेतली. पर्याय द्यावा, सक्ती नव्हे.

एनआयपीटीचा निकालच आला नाही, ‘नो कॉल’ आहे. वाईट काही आहे का?

बहुतेक वेळा वारेचा डीएनए पुरेसा नसतो, इतकंच. रक्त फार लवकर दिलं, आईचं वजन जास्त आहे, रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनं चालू आहेत, अशी साधी कारणं असतात आणि आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं की बरेचदा निकाल येतो. पण ‘नो कॉल’ म्हणजे ‘सगळं ठीक’ असंही समजू नका. एडवर्ड्स, पटाऊ आणि ट्रिप्लॉइडीमध्ये (म्हणजे सगळीच गुणसूत्रं तीन-तीन असतात तेव्हा) वार लहान राहू शकते आणि त्यामुळेच डीएनए कमी पडतो. म्हणून नुसतं पुन्हा रक्त देऊन वाट पाहण्यापेक्षा नीट सोनोग्राफी करून घ्या, आणि दुसऱ्यांदाही निकाल नाही आला तर थेट निदानाच्या तपासणीबद्दल बोला.

हाय रिस्क आला. आता पुढे काय?

आधी हे: नुसत्या स्क्रीनिंगच्या रिपोर्टवर गर्भधारणेबद्दल कोणताही अंतिम निर्णय घेऊ नका. कुणी घाई करत असेल तरी नाही.

डबल मार्कर किंवा क्वाड्रपल हाय रिस्क असेल आणि सोनोग्राफीत काही आढळलं नसेल, तर मध्ये एनआयपीटी करणं हा एक मार्ग आहे. एनआयपीटीच हाय रिस्क असेल, किंवा एनटी ३.५ मिलिमीटर आणि त्याहून जास्त असेल, तर निदानाकडे वळावं.

निदानाच्या दोन वाटा आहेत. ११ आठवड्यांपासून पुढे वारेचा अगदी छोटा तुकडा घेतात, त्याला सीव्हीएस म्हणतात. १५ आठवडे पूर्ण झाल्यावर गर्भजल घेतात, ती ॲम्निओ. ॲम्निओत सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळ आणि सुई दोन्ही पाहत, पोटातून बारीक सुई घालून साधारण १५ ते २० मिलिलिटर पाणी काढतात. सुई आत असते ती एखाद-दोन मिनिटं. इंजेक्शनपेक्षा पोटात ओढल्यासारखं वाटतं, असं बऱ्याच जणी सांगतात. गर्भपाताची जास्तीची शक्यता असते, पण अनुभवी हातांत ती हजारात एक ते पाच इतकीच आहे. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर नंतर अँटी-डीचं इंजेक्शन लागू शकतं, आधीच आठवण करून द्या.

झटपट चाचणीने मुख्य गुणसूत्रांचा निकाल काही दिवसांत मिळतो. पूर्ण कॅरिओटाइपला, म्हणजे सगळी गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याला, पेशी वाढवाव्या लागतात, त्यामुळे दोनेक आठवडे जातात. हे दोन आठवडे फार जड जातात. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. एवढंच सांगते, की निकाल फोनवर ऐकायचा की समोर बसून, आणि तेव्हा सोबत कोण हवं, हे आधीच ठरवून ठेवा.

सोनोग्राफी तर नॉर्मल आहे. मग एनआयपीटी चुकलं असेल?

चुकलं असू शकतं, पण सोनोग्राफीवरून ते ठरत नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या अनेक बाळांची सोनोग्राफी अगदी सर्वसाधारण दिसते. एडवर्ड्स आणि पटाऊमध्ये मात्र शारीरिक दोष बहुतेकदा दिसतात, त्यामुळे तिथे तज्ज्ञाने केलेली स्वच्छ सोनोग्राफी बरंच काही सांगून जाते.

लो रिस्क आला, म्हणजे बाळ पूर्ण निरोगी आहे ना?

या तीन गुणसूत्रांच्या बाबतीत चिंता फार कमी झाली, एवढाच त्याचा अर्थ. हृदयाचे दोष, दुभंगलेला ओठ, पाठीच्या कण्याचे दोष हे यात कळत नाहीत. त्यासाठी १८ ते २२ आठवड्यांमधली सविस्तर सोनोग्राफी चुकवू नका. थॅलेसेमिया, सिकल सेल यांच्यासाठी आईवडिलांची वेगळी रक्ततपासणी असते. ऑटिझम कोणत्याच स्क्रीनिंगमध्ये दिसत नाही.

पॅप-ए कमी आहे, पण एनआयपीटी लो रिस्क. विषय संपला?

गुणसूत्रांचा विषय संपला, वारेचा नाही. पॅप-ए वारेत तयार होतं. ते फारच कमी असेल तर पुढे बाळाची वाढ मंदावणं किंवा आईचं रक्तदाब वाढणं यांची शक्यता थोडी जास्त असते. डॉक्टर वाढीच्या सोनोग्राफी अधूनमधून करतात, आणि इतर बाबी पाहून कमी मात्रेची ॲस्पिरिन सुचवू शकतात. तिचा फायदा ती १६ आठवड्यांच्या आत सुरू केली तर चांगला होतो. हा आकडा विसरू नका, पुढच्या प्रत्येक भेटीत दाखवा.

जुळी असतील तर?

डाऊन सिंड्रोमसाठी एनआयपीटी जुळ्यांतही चांगलं काम करतं. दोघांपैकी कुणाला, हे मात्र ते सांगत नाही. सुरुवातीला जुळी होती आणि एकाची वाढ थांबली असेल तर आवर्जून सांगा, कारण त्या थांबलेल्या गर्भाच्या वारेचा डीएनए बरेच आठवडे रक्तात राहून निकाल चुकवू शकतो.

दात्या स्त्रीचं बीज वापरलं आहे. वय कुणाचं लिहायचं?

बीज देणाऱ्या स्त्रीचं. शक्यता बीजाच्या वयावर ठरते, गर्भाशयाच्या नाही. फॉर्मवर तसं स्पष्ट लिहा.

मुलगा की मुलगी हेही यात कळतं का?

तांत्रिकदृष्ट्या एक्स आणि वाय गुणसूत्रंही मोजता येतात. जिथे गर्भलिंगनिदानाला कायद्याने बंदी आहे तिथे ते सांगत नाहीत आणि विचारूही नये.

मोठं पॅनेल घेऊ का? त्यात आणखी बरेच आजार आहेत.

मी सहसा नको म्हणते. त्यात गुणसूत्राचा बारीकसा तुकडा गळाल्यामुळे होणारे अतिविरळ आजार असतात. वरचा एक लाखाचा हिशेब आठवा: आजार जितका विरळ, तितके हाय रिस्क रिपोर्ट खोटे निघण्याचं प्रमाण जास्त. सोनोग्राफीत काही संशयास्पद दिसलं असेल तर मोठ्या पॅनेलपेक्षा ॲम्निओ आणि त्यावर मायक्रोॲरे (गुणसूत्रांचे गळालेले किंवा जास्तीचे बारीक तुकडे शोधणारी चाचणी) हा सरळ रस्ता आहे.

आमचं काही चुकलं का?

हा प्रश्न दाराशी उठून जाताना विचारतात, हळू आवाजात. नाही, काही चुकलं नाही. काय खाल्लं, किती जिने चढलात, प्रवास केलात, भांडलात, यातल्या कशानेही गुणसूत्र वाढत नाही. वाटणीतली ती चूक बहुतेक वेळा गर्भ राहण्याआधीच घडून गेलेली असते. डाऊन सिंड्रोमच्या शंभरातल्या तीन-चार जणांत जास्तीचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो. तेवढ्याच प्रकारात तो आई किंवा वडिलांकडून आलेला असू शकतो, आणि तेव्हा दोघांचं कॅरिओटाइप करतात.

तपासणी करायलाच हवी का?

नाही. उत्तर हाती आल्यावर त्याचं काय करणार, हे रक्त देण्याआधी दोघांनी एकदा बोलून घ्या. कुणाला पुढचं ठरवण्यासाठी माहिती हवी असते. कुणाला निर्णय बदलायचा नसतो, पण बाळाच्या स्वागताची, हृदयाच्या डॉक्टरांची तयारी आधीपासून करायची असते. कुणाला काहीच जाणून घ्यायचं नसतं. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. नको असेल तर सोनोग्राफीच्या आधीही तसं सांगा, नाहीतर एनटीचा आकडा न मागता समोर येतो.

पुढच्या खेपेला पुन्हा करावी लागेल का? जुना डीएनए रक्तात राहत नाही ना?

राहत नाही. बाळंतपणानंतर तो काही तासांतच रक्तातून नाहीसा होतो, आणि दर खेपेची वाटणी नवी असते, म्हणून तपासणीही नवी. आधीच्या बाळाला नेहमीच्या प्रकारचा डाऊन सिंड्रोम असेल आणि आई तरुण असेल, तर पुढच्या वेळी शक्यता साधारण शंभरात एक धरतात. त्या बाळाचा कॅरिओटाइप रिपोर्ट जपून ठेवा आणि पुढच्या खेपेला पहिल्याच भेटीत सोबत न्या.